शुकनाचा शेअर

राजकोटच्या किरीट सेजपालला गुणोत्तर शिकवलं ते तरुलताबेननी, सातवीत. त्याच गुणोत्तराच्या जोरावर तो शेअरदलाल झाला आणि शेवटी बेननाच घेऊन बुडाला.

दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्याला पेढीवर ही गर्दी! जो तो शुकनाचे, म्हणजे शुभशकुनाचे, दोन-चार शेअर घेतो आणि ते विकत नाही. विकले तर लक्ष्मी रुसते म्हणे. बेन मात्र नटुभाईंच्या, म्हणजे यजमानांच्या, गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी साठवलेले तीन लाख घेऊन आल्या होत्या. किरीटने घाईघाईत एका पंप कारखान्याचा हिशेब मांडला. शेअरचा भाव नव्वद, शेअरमागे वर्षाचा नफा पंधरा, म्हणजे भाव नफ्याच्या सहापट. त्या धंद्यातले बाकीचे विसाच्या आसपास. तो म्हणाला, मातीमोल मिळतोय, सगळे लावा.

पाडव्याला, गुजराती नव्या वर्षाच्या दिवशी, कारखान्याचा अहवाल चाळताना त्याला बारीक अक्षरांतली एक टीप दिसली. पंधरातले अकरा रुपये जुनी जमीन विकून आलेले. जमीन काय दरवर्षी विकायला असते? खरा नफा चार. भाव सहापट कुठला, साडेबावीसपट!

दोनच दिवसांनी बेन पेढीवर आल्या. भाव चौऱ्याण्णव होता. विकून टाकू का, एवढंच त्यांनी विचारलं. खरं सांगितलं असतं तर त्या तेव्हाच सुटल्या असत्या. पण जिने कान धरून भागाकार शिकवला तिच्यापुढे चूक कबूल करायला याची जीभ रेटेना.

"शुकनाचं विकायचं नसतं, बेन," तो म्हणाला.

वर्षभरात भाव चाळिसावर आला. ऑपरेशन राहून गेलं, नटुभाई भिंत धरून चालू लागले. किरीटला अन्न गोड लागेना, बेनची गल्ली टाळून तो लांबच्या वाटेने घरी जाई. शेवटी एका सकाळी मनाचा हिय्या करून तो त्यांच्या घरी गेला आणि चहाला हात न लावता सगळं ओकून मोकळा झाला: टीप, अकरा रुपये, ती कधी वाचली तेसुद्धा.



"ती टीप मीही वाचली होती, दीकरा," बेन म्हणाल्या. "वहीत साडेबावीस काढलं, म्हणून तर विचारायला आले होते."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू इतक्या ठामपणे नको म्हणालास. म्हटलं, याचं रोजचं काम आहे, माझंच वय झालं. घरी जाऊन खोडून टाकलं मी ते उत्तर."