चूक शून्य

शेखर सरांना यंत्रांची भारी हौस. चालवण्याची नव्हे, शेजारी उभं राहून फोटो काढण्याची. मेहकरातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात जुनापुराणा डिजिटायझिंग टॅबलेट आला, तेव्हा त्यांनी आधी स्वतः दाढी केली, मग यंत्राला हार घातला, आणि स्टेटसवर फोटो टाकून झाल्यावर प्रतीक्षाला विचारलं, "हे नेमकं करतं काय?"

प्रतीक्षा त्यांच्याकडे नकाशांचं काम करायची. भूगोल शिकलेली, जिभेची तिखट. सरांना उत्तर दिशा फक्त वास्तुशास्त्रापुरती ठाऊक आहे, असं तिचं मत होतं आणि ते तिने लपवलंही नव्हतं.

"टेबलाएवढी पाटी आहे सर," ती म्हणाली. "हिच्यावर कागदी नकाशा चिकटवायचा. हा भिंगाचा माउस नकाशातल्या ओळखीच्या खुणांवर ठेवून बटण दाबायचं. त्याच खुणा शिवारात जाऊन जीपीएसने मोजायच्या आणि ते आकडे इथं भरायचे. जुळलं, की कागदावरचा प्रत्येक बांध जमिनीवर कुठे येतो ते कळतं."

"वा! म्हणजे सोपं आहे," सर म्हणाले. त्यांना न करायचं असलेलं प्रत्येक काम सोपं असे.

काम होतं जानेफळच्या पुढच्या एका गावाचं. तिथल्या पांदणी, म्हणजे शेतात जायचे जुने सरकारी रस्ते, नकाशावरून पुन्हा काढायच्या होत्या. नकाशा कापडावर चिकटवलेला आणि घड्यांवर इतका जीर्ण झालेला, की स्कॅनरात घातला असता तर पलीकडून चिंध्या निघाल्या असत्या. म्हणून हा टॅबलेट. प्रतीक्षाने पाटीवरचं हाराचं पाणी पुसलं, मोबाइलच्या दुकानातून कुठलीशी वायर आणून यंत्र कॉम्प्युटरला जोडलं, नकाशा हलक्या हाताने पसरून कोपरे चिकटवले. मग दोघं शिवारात खुणा मोजायला गेले.

गावात त्यांची सगळ्यात जास्त वाट गोजरबाई बघत होती. वांगी, कोबी लावणारी बाई. तिच्या शेताला लागून पांदण होती. ती शेजारच्या पुंजाजींनी नांगरून टाकली. तेव्हापासून ही भाजीची पाटी डोक्यावर घेऊन नाल्यातून जायची. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की माल शेतातच सडायचा.

"नकाशा निंगाला का माहा रस्ता निंगते ना, बाई?" तिने विचारलं.

"निघेल, मावशी."

"निंगनच. म्या दर अवसेले म्हसोबाले तेल वाहून राह्यली. त्याच्या डोयासमोर हाय सारं."

म्हसोबा तीन गावांच्या शिवेवर होता. नकाशातही होता, ठळक. पांदण त्याच्या अंगावरूनच जायची. आता मात्र त्याला टाइल्सचा ओटा होता आणि ओट्यावर देवापेक्षा मोठ्या अक्षरांत 'सौजन्य : पुंजाजी' लिहिलेलं होतं. पुंजाजी स्वतः हात जोडून हजर होते. पांढरा लेंगा, कपाळाला अष्टगंध, आणि चेहऱ्यावर असा भाव की ओटा बांधून आपण म्हसोबावर उपकारच केलेत.

"आमची शीव या देवाहून," ते म्हणाले. "पांदण होती ते त्याच्या पल्याड, त्या बाईच्या वावरात. तिनंच खाल्ली असन."

दुपारी पुंजाजींच्या नव्या बंगल्यात रोडगे आणि वांग्याची भाजी झाली. बंगला गावाच्या दुसऱ्या टोकाला, जानेफळकडच्या पांदणीला खेटून. वांगी गोजरबाईची होती की काय कोण जाणे. सर तीनदा वाढून घेऊन पुंजाजींना 'दादा' म्हणू लागले.

ऑफिसात येऊन प्रतीक्षाने चार खुणा भरल्या : नाल्यावरचा जुना पूल, मारुतीचं देऊळ, पायविहीर आणि म्हसोबा. यंत्राने चूक दाखवली. थोडीथोडकी नव्हे, अख्खी पांदण इकडची तिकडे होईल एवढी. तिने पुन्हा बटणं दाबली. तीच चूक.

"चारांपैकी एक जण खोटं बोलतोय," ती म्हणाली. "कोण, ते यंत्र सांगत नाही. नुसतं कोणीतरी बोलतंय एवढंच सांगतं. आणखी दोन खुणा मोजून आणू, लगेच कळेल."

"परत जायचं? ग्रामसभा आली तोंडावर. एक खूण काढून टाक ना."

"म्हसोबा काढते."

"देव काढतेस? डोकं फिरलं का? देव काय चालत जातो? विहीर काढ. विहिरीला कोण विचारतं!"

"सर, विहीर खडकात खोदलेली आहे. ती कशी सरकेल?"

"आणि देव सरकतो?"

या प्रश्नावर अख्ख्या जिल्ह्यात कोणाला काही बोलता आलं नसतं. देवाला हात लावायची कोणाची छाती आहे? म्हणूनच तर, प्रतीक्षाच्या मनात आलं, ज्याला छाती आहे त्याला याहून सोयीचा दगड सापडायचा नाही.

तिने विहीर काढली. उरल्या तीन खुणा. आणि चूक झाली शून्य.

सर खुर्चीतून उठलेच. "बघ! याला म्हणतात अनुभव!"

तीन खुणांवर चूक नेहमीच शून्य येते. ताडून पाहायला चौथी उरतच नाही, तर चुकेल कोण? तिघं चोर असले तरी शून्यच. प्रतीक्षाने हे सांगायला तोंड उघडलं. पण सर तोवर शून्याचा फोटो काढत होते. त्यांचं ते फुललेलं तोंड बघून तिला मनापासून किळस आली, आणि तिने आपलं तोंड मिटलं.

मिटलं, कारण तिला आणखी एक गोष्ट दिसली होती. बाजेची एका अंगाची दोरी ओढली की दुसरं अंग तिरपं होतं, तसं नकाशाचं झालं होतं. म्हसोबाकडची बाजू पूर्वेला ओढली गेली होती; गोजरबाईची पांदण तिच्याच कोबीत जाऊन पडली होती. आणि पूल-देवळाच्या पलीकडची बाजू तितक्याच इमानाने पश्चिमेला गेली होती. तिकडच्या पांदणीची लाल रेघ कुठे शिरत होती, ते तिने मोठं करून पाहिलं. मग विचारलं, "सर, फायनल?"

"फायनल! फ्लेक्स काढ. मोठा. माझा फोटो डावीकडे, दादांचा उजवीकडे."

"जेवढा मोठा निघेल तेवढा काढते," प्रतीक्षा म्हणाली, आणि त्या दिवसातलं तिचं हे एकच बोलणं खरोखर गोड होतं.

ग्रामसभेत फ्लेक्स लागला. सरांनी माइक हातात घेऊन 'चूक शून्य' हे शब्द इतक्या वेळा उच्चारले की माणसं कंटाळून टाळ्या वाजवू लागली. गोजरबाई पुढे जाऊन आपलं शेत शोधत होती. लाल रेघ कोबीतून गेलेली कोणीतरी बोटाने दाखवली, तशी ती मटकन खालीच बसली.

"देवानंच घेतलं मंग," ती पुटपुटली. प्रतीक्षाला तिचाही राग आला. मार खाऊन पुन्हा मारणाऱ्याच्याच पायाला हात लावायची ही कसली रीत! पण वाकून ती तिच्या कानात एवढंच म्हणाली, "मावशी, थांबा जरा."

इकडे पुंजाजी चष्मा लावून आपला फोटो न्याहाळत होते. फोटोवरून नजर घसरली ती बरोबर बंगल्यावर.

"हे काय बे?" ते ओरडले. "हे लाल माह्या बंगल्यातून काऊन जाऊन राह्यलं?"

"पांदण आहे, काका," प्रतीक्षा म्हणाली. "हॉलमधून जाते. सोफ्यावरून. अतिक्रमण म्हणून पाडावं लागेल तेवढं."

"नकाशा खोटा हाय!"

"सर, खोटा आहे का?" तिने विचारलं. सर बिचारे आत्ताच माइकवर शून्याची शपथ घेऊन बसले होते. त्यांनी रुमाल काढला.

"काका, नकाशा तीन खुणांवर बसवलाय," तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "पूल, मारुती, म्हसोबा. तिघंही जागच्या जागी असतील तर तुमचा बंगला रस्त्यात आहे. यातला एखादा सरकला असेल तर तो मूळ जागी घेते, बंगला सुटेल. कोण सरकलं?"

"पूल सरकला असन."

लोक हसले. पुलावरून रोज जाणारेच होते सगळे.

"मारुती?" तिने विचारलं. मारुतीचे पुजारी पहिल्याच रांगेत बसले होते. त्यांनी पुंजाजींकडे असं पाहिलं की पुंजाजींनी मान फिरवली. मग पुंजाजींनी बंगल्याकडे पाहिलं, फ्लेक्सवरच्या आणि बहुधा मनातल्याही. इटालियन फरशी, नक्षीचं छत.

"म्हसोबा," ते शेवटी म्हणाले. आवाज इतका बारीक की मागच्यांनी 'काय? काय?' केलं. "ओटा बांधतानी… जरासाक."

"जरासा किती?" प्रतीक्षाने विचारलं. "देव उचलून नेला तुम्ही?"

"नाई नाई! देवाले म्या हात नाई लावला!" पुंजाजींना आपल्या पापभीरूपणाचा अजूनही अभिमान होता. "तो तं हालेच ना. तो तठीच हाय, कडब्याच्या गंजीखाली. ओट्यावर दुसरा बसवला. खदानीतला. शेंदूर लावून."

गोजरबाई उठली. पुंजाजी समोर आले की पदर सावरून बाजूला होणारी बाई. आयुष्यात तिने त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती. ती चालत थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मंग म्या इतक्या अवसा तेल कोनाले वाह्यलं बे?"

गोजरबाईने उत्तराची वाट पाहिली नाही. ती दारातून बाहेर पडली आणि वळून म्हणाली, "चाला. गंजी काढू लागा."

सभा उठून तिच्यामागे गेली. पुजारीही गेले. खोलीत प्रतीक्षाखेरीज राहिले पुंजाजी, सर आणि भिंतीवर त्या दोघांचे हसरे फोटो.

सर हळूच प्रतीक्षाजवळ आले. "मग आता चूक किती धरायची गं?"

तिने जीपीएस उचलला, पिशवीत घातला आणि गंजीकडे निघाली.