वळणावर थांबायचं

किरॅबिन गावच्या निसर्ग मंडळात एक नियम सगळ्यांच्या वर होता. सहलीला गाड्यांची रांग निघाली की फाट्याच्या वळणावर थांबायचं, मागची गाडी आरशात दिसली की मगच वळायचं. पक्ष्याचं नाव चुकलं तर मंडळ हसून सोडून देई. वळण चुकवणाऱ्याला मात्र माफी नव्हती.

लॉर्ना ट्रेझीसनं पहिल्याच सहलीत वळण चुकवलं. खांबावरच्या गरुडाकडं बघता बघता ती न थांबता वळली आणि मागच्या दोन गाड्या सरळ पुढच्या गावच्या पबपाशी जाऊन पोचल्या. ती मंडळी तिथं मजेत होती, ही गोष्ट वेगळी.

"लॉर्नाबाई," अध्यक्ष क्लाइव्ह हॉस्किन म्हणाले, "पक्षी उडाला तर दुसरा येतो. माणूस हरवलं की शोधत फिरावं लागतं." तिच्या सभासदत्वाचं पुढच्या सहलीनंतर बघू, असं ठरलं.

तिला ते फार लागलं. नवरा गेल्यापासून ती घरी पोचली की नाही याची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगा पर्थला, त्याचा रविवारी फोन यायचा, तोही गाडी चालवता चालवता. फुलांचं, पाखरांचं तिला तसं वेड नव्हतं. हा वळणाचा नियम ऐकला तेव्हाच तिला मंडळ आवडलं होतं, आणि नेमका तोच तिनं मोडला होता.

सप्टेंबरची सहल निळ्या ऑर्किडसाठी होती. या खेपेला तिच्या पुढं खुद्द क्लाइव्ह आणि मागं, रांगेच्या शेवटी, मर्व्ह डॅलग्लीश. मर्व्ह ऐंशीच्या घरातला, दगडफुलाचा वेडा. शेवटच्या गाडीचा नारिंगी झेंडा कित्येक वर्षं त्याच्याकडंच होता.

खडीच्या ढिगाशी रस्त्याला फाटा फुटला. लॉर्ना थांबली. आरशात नुसती धूळ, आणि थोड्या वेळानं तीही नाही. फोनला रेंज नव्हती. पुढं जावं तर पुन्हा तेच पाप, मागं जावं तर शोधायला येणाऱ्याची चुकामूक. ती बसून राहिली. चहा संपला. ऊन तापलं तशी ती पाय मोकळे करायला उतरली आणि बघते तर काय, ढिगाजवळच्या गवतात एकेक निळं ऑर्किड उमलत होतं. सकाळच्या गारठ्यात मिटलेलं असताना त्याच्या शेजारून पुढची सगळी रांग निघून गेली होती.

दुपारी क्लाइव्ह परत आले. गाडीतून उतरले ते ओशाळूनच.

"अहो, तुम्ही अजून इथंच?"

"मर्व्ह आला नाही ना."

"पुढच्या वळणावर मी थांबायला हवं होतं. लांब काहीतरी निळं दिसलं म्हणून धावलो, तर निघाला बिस्किटाचा कागद. मग जेवायला बसलो, तेव्हा मंडळातली ग्लेनिस म्हणाली, लॉर्ना आणणार होती ती लिंबाची वडी कुठंय?"

"म्हणजे आठवण वडीची झाली."

"खोटं कशाला बोलू? हो."

"चला, वडीला तरी मान आहे. आणि फुलं?"

"कसली फुलं? दिवस फुकट गेला."

"मग आता पाय उचलू नका."

त्यांनी खाली पाहिलं. दोन बुटांच्या मधोमध एक फूल होतं. अध्यक्ष एका जागी उभे राहून हळूच हसले.

तेवढ्यात मर्व्हची गाडी डुलत आली. "इथं का खोळंबलात? कुंपणाच्या खांबावर काय दगडफूल होतं म्हणून सांगू."

"मर्व्ह, अरे जेवणं झाली," क्लाइव्ह म्हणाले.

"इतक्या लवकर?"

संध्याकाळी लॉर्नाच्या सभासदत्वासाठी सगळे हात वर झाले. क्लाइव्हचंही सभासदत्व पुढच्या सहलीपर्यंत टांगून ठेवावं, असं ग्लेनिसनं सुचवलं. मर्व्हनं आपणहून झेंडा लॉर्नाच्या हातात दिला. "बाई, हा तुझ्याकडंच शोभेल. मी थांबलो की दगडफुलासाठी थांबतो."

पुढच्या महिन्याच्या सहलीत लॉर्ना सगळ्यांच्या मागं होती. शेवटच्या गाडीला कुणासाठी थांबावं लागत नाही. बाकीचे तिच्यासाठी थांबतात. पहिलं वळण जवळ आलं तर रस्त्याकडेला मर्व्ह गाडीबाहेर उभा होता. शेजारचा खांब दगडफुलानं भरला होता, आणि त्याकडं पाठ करून तो तिच्या वाटेकडं डोळे लावून होता.  त्याला आणखी थोडं वाट बघू द्यावं म्हणून लॉर्नानं गाडीचा वेग जरा कमी केला.