एका बाजूनं चहा

माझा पुढचा एक दात चिनीमातीचा आहे, हे कालपर्यंत सासरी कुणालाच ठाऊक नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात हातपंपाचा दांडा सटकला, माझ्या तोंडावर बसला आणि दात निम्मा मोडला. मामानं मिरजेला नेऊन त्यावर टोपी बसवून आणली. डॉक्टर म्हणाले होते, "हिची चकाकी जपा. ती गेली की चहाचा डाग बसतो, आणि मग निघत नाही." नातेपुत्यात मला बघायला पाहुणे आले तेव्हा आईनं याबद्दल अवाक्षर काढलं नाही. खोट्या दाताची पोरगी कोण पदरात घेणार?

सोलापुरात सासरी आले तर सकाळी मिसरी आणि दिवसभर काळाकुट्ट चहा. वर्षभरात माझे सगळे दात पिवळे पडले आणि तो एकटा शहाणा पांढराशुभ्र राहिला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बोलताना तोंडाकडे बघायला लागल्या. मग मी अक्कल पाजळली. विटकरीची पूड करून आठ दिवस तेवढाच दात घासला. थोडा मळावा, एवढंच म्हणणं होतं. मेल्यानं असा चहा ओढून घेतला की बाकीच्यांहून काळा झाला. तेव्हापासून मी उजव्या बाजूनं चहा पिते आणि पदराआडून हसते. आत्याबाई गल्लीभर सांगतात, "आमची वच्छला लई मर्यादेची." त्या मर्यादेत माझा जीव गुदमरतो.

गेल्या माघात दीर रामहरीसाठी मंगळवेढ्याला मुलगी बघायला गेलो. तिचं नाव फुला. आत्याबाईंनी तिला समोर बसवून आपल्या हातानं बशीत चहा ओतून दिला. पोरीनं मान किंचित उजवीकडे कलती केली आणि घोट थेट दाढेकडे सोडला. असा चहा मी रोज पिते. मी नीट पाहिलं. वरच्या पुढच्या दाताला हिरडीपाशी बारीक काळी रेघ होती, माझ्या टोपीच्या कडेला आहे तशीच. माझं बघणं फुलानं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

आत्याबाईंनी मला ओसरीच्या कडेला घेतलं. "तुजी नजर बारीक हाय. दात कसं हायेत पोरीचं?"

खरं सांगावं तर पुढचा प्रश्न ठरलेला, तुला गं कसं कळलं? खोटं बोलावं तर ही पोरगी माझ्याच कोंडवाड्यात येणार. माझी मलाच लाज वाटली, पण भीती तिच्याहून मोठी होती.

"चांगलं हायेत की," मी पदर तोंडाशी धरून म्हणाले.

लग्न झालं. आता आम्ही दोघी जावा चुलीपाशी एकाच बाजूनं चहा पितो. आत्याबाई शेजारणींना कौतुकानं सांगतात, "धाकटीनं थोरलीचं समदं उचललं बगा."

फुलाचे बाकीचे दात आता पिवळे पडू लागलेत. टोपीचा तेवढा अजून लख्ख आहे. काल दुपारी भांडी घेऊन परसात गेले तर ती पाठमोरी बसून दगडावर विटकरीचा तुकडा कुटत होती. मी तो तिच्या हातातून हिसकावला.

"ऱ्हाऊ द्या की आक्का," ती रडकुंडीला आली. "आत्याबाई तोंडाकडं बगायला लागल्यात."

पाच वर्षांत पहिल्यांदाच मी पदर खाली घेतला आणि तिच्यापुढं तोंड उघडलं.