शेवटच्या चौकटीतली मिठवी

मी मिठवी बोलतेय. दचकू नका. दचकायचं काम माझं आहे आणि ते मी मन लावून करते.

तुम्ही एखादा ऑनलाइन खेळ उघडता. लढाया, जादू, डोंगरापल्याडची राज्यं. आत शिरायच्या आधी एक पडदा येतो आणि विचारतो, 'तुम्ही कोण?' त्या पडद्यावर आम्ही ओळीनं उभे असतो, एकेका वंशाचा एकेक नमुना. पहिली गगनी, पाठीवर पांढरे पंख. मग शिंगांचा शृंगी. मग छायक, जो वाटेल तेव्हा दिसेनासा होतो. आणि अगदी शेवटच्या चौकटीत एक ठेंगणी, सावळी बाई, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात मीठ ओढायची लाकडी फळी. ती मी.

माझा जन्म बेलापूरचा. सरकारी कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीत खाली झेरॉक्सचं दुकान आहे, वर खेळ बनवणारी छोटी कंपनी. उन्नती तिथं जग रचायचं काम करते. खरंच, तिचं कामच ते आहे. कुठल्या राज्यात कुठली नदी, तिथली माणसं काय खातात, कशाला भितात, हे सगळं तीच ठरवते.

"एक अख्खा वंश तुझा," सनी तिला म्हणाला. सनी तिचा वरिष्ठ. साताऱ्याकडचा, मनानं चांगला, पण कायम घाईत.

उन्नती घणसोली गावातली. तिची आई सगुणा लहानपणी मिठागरात राबलेली. तिथं आता टॉवर उभे आहेत. उन्नतीनं मिठागर फक्त आईच्या तोंडून ऐकलं होतं, त्यातूनच तिनं मला घडवलं. खाडी काढली, खाडीला बांध घातला, बांधाआड मिठाचे चौकोन आखले. मग नियम केला: भरतीत बांध फुटला की शंख वाजेल, आणि मिठवी कुठंही असो, तिनं परत यायचं. चिखल फक्त मिठवीच्याच हातून बसेल. 'हा त्यांच्या रक्तातला गुण,' असं तिनं लिहिलं आणि स्वतःवरच खूश झाली.

एक गोष्ट तिनं न ठरवताच माझ्यात आली. दार आपटलं तरी उन्नतीच्या हातातला चहा सांडतो. माझ्यावर माउसचा बाण आला की मी खांदे आक्रसून दचकते.

"अरे, ही तर तूच!" सनी हसला.

"काढून टाकू का?" तिनं घाबरून विचारलं.

"राहू दे. क्यूट वाटते."

मग खेळ चाचणीसाठी लोकांना खुला झाला आणि मला माणसं दिसायला लागली. पडदा उघडा असला की मला बाहेरचं दिसतं. माणसं स्वतःला निवडायला किती वेळ घेतात! एक मुलगी नाकाची ठेवण जमवत कितीतरी वेळ बसली आणि शेवटी डोक्यावर लोखंडी टोप चढवला. नावाशेजारच्या फोटोत टक्कल असलेल्या एका काकांनी कमरेपर्यंत केस घेतले. मला हसू आलं नाही. जे आपल्याकडे नाही, तेच मागायला माणूस इथं येतो. मग चिखल कोण मागणार?

बाण माझ्यापर्यंत यायचा, मी दचकायचे, ते हसायचे आणि मागं वळून पंख घ्यायचे. एकानं घेतलं मला. पण राक्षसाशी ऐन लढाईत शंख वाजला आणि त्याला बांधावर यावं लागलं. त्यानं लिहिलं, 'ऑफिसमधून सुटून आलो, तर इथे पण ड्युटी?' पुन्हा काही तो आला नाही.

"टेन्शन घेऊ नको," सनी शुक्रवारी उन्नतीला म्हणाला, "पण सोमवारच्या मीटिंगमध्ये मिठवी निघणार. तिची खाडी पण. त्या जागेवर गगनींचा बाजार बसवू."

"खाडी कशाला काढता?"

"लोकच नाहीत तर जमीन ठेवून काय करायचं?"

उन्नतीच्या घरी याच्या उलटं झालं होतं. जमीन गेली होती, माणसं राहिली होती.

रविवारी दुपारी तिनं लॅपटॉप आईपुढं ठेवला. सगुणाबाई म्हणजे कमरेला भाडेकरूंच्या खोल्यांच्या किल्ल्या आणि मोबाइलवर गोळ्या फोडायच्या खेळात गल्लीत पहिल्या. उन्नतीनं बाण आधीच माझ्या चौकटीवर आणून ठेवला होता. निदान एक तरी माणूस मला घेईल, असं तिला वाटलं असणार. मलाही वाटलं.

"ही कोन गं? चिखलानं बरबटलेली?"

"मिठवी. तुझ्यावरूनच केलीय, आई."

"मी अशी दचकायची? मना बगून मुकादम दचकायचा!" सगुणाबाई खळखळून हसल्या. "ती पंखवाली दे."

"आई!"

"अगं, सगली जवानी चिखलात गेली. आता खेलात पन चिखलच?"

उन्नतीचा चेहरा पडला. ज्या बाईवरून मी झाले, तिलाही मी व्हायचं नव्हतं. पण खरं सांगू? तिचे पंख उघडलेले पाहून मला राग काही येईना.

सगुणाबाई उडाल्या. डोंगर पाहिले, किल्ले पाहिले. मग म्हणाल्या, "ती खारी ना? चल, बगूया." आणि माझ्या खाडीवर आल्या. नेमकी भरती होती. बांध फुटला, शंख वाजला, कुणीच आलं नाही. येणार कोण? मिठवी घेतलेला तो एकटा, तो तर पुन्हा फिरकलाच नव्हता. काठावर दोन शृंगी आणि एक गगनी मजा बघत उभे होते.

"मेली बगतात काय उबी राहून?" म्हणत सगुणाबाई खाली उतरल्या आणि चिखलाला हात घातला. पडद्यावर अक्षरं आली: 'हे काम तुमच्या वंशाचे नाही.'

"म्हंजे काय?"

"नियम आहे तो. बांध फक्त मिठवीच..."

"कुनी केला यो नियम?"

"मी," उन्नती पुटपुटली.

"बांध फुटला का तू कोन, कोनाचा, असा इचारतात काय? तुझे मामीचा भाव पाहुना आलेला, नवीन शर्टात. त्यालापन उतरवला. वाटंनं जानारा पाववाला सायकल टाकून उतरला. हात हायेत ना? मंग झाला!" आणि जरा थांबून म्हणाल्या, "सगल्यांना जेवाला घालूनच सोरला."

मग उन्नतीनं 'रक्तातला गुण' हे शब्द पुसले. संध्याकाळपर्यंत बसून नियम नव्यानं लिहिला: शंख आसपासच्या सगळ्यांना ऐकू जाईल, ज्याला हात आहेत त्याचा चिखल बसेल आणि शेवटी बांधावर पंगत बसेल.

सोमवारी मीटिंगच्या आधी तिनं सनीला ओढत आणून पडद्यापुढं बसवलं. शंख वाजला. आधी एक शृंगी आला, शिंगांवर चिखलाचं घमेलं घेऊन. वरून गगनी ढेकळं टाकायला लागल्या. मग हवेत नुसताच एक चिखलाचा गोळा तरंगत आला आणि कुणीतरी लिहिलं, 'ए छायक, तू दिसत नाहीस, पण तुझा चिखल दिसतोय रे!' बांध बसला. सगळे भात-कालवण खायला टेकले. सनीच्या हातातला चहा निवून गेला होता.

"खाडी राहू दे," तो म्हणाला. "पण उन्नती, निवडीतून हिला काढावं लागेल. हिला खरंच कुणी घेत नाही गं."

उन्नतीनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण या वेळी ती दचकली नाही.

आता शेवटच्या चौकटीत मी नसते. कुणाला मी होता येत नाही. उन्नतीनं मला बांधावर उभं केलंय, शंख माझ्या हातात आहे. लाट आपटली की अजून दचकते आणि मग फुंकते. रोज दुपारी एक गगनी येते. बोलत काही नाही, तरातरा उतरते आणि कामाला लागते. तिचे पंख चिखलानं माखतात. ती ते झटकत नाही.

तुम्हीही याल कधी. खुशाल पंख घ्या, शिंगं घ्या, हवं ते नाक घ्या. फक्त शंख ऐकू आला तर खाली उतरा. आणि जेवल्याशिवाय जाऊ नका.