लाडकी शेवटी

"दिवसातली सगळ्यात लाडकी सिगारेट कुठली?" सिस्टरांनी विचारलं, तसा समोरचा दांडगा वेल्डर चक्क लाजला.

"जेवणानंतरची. ती मात्र सुटायची नाही हो, सिस्टर."

"मग तिला इतक्यात हातच लावू नका. नावडत्या आधी सोडायच्या, लाडकी शेवटी. मध्येच चुकून ओढलीत, तर तोंड लपवून घरी बसू नका. इकडे या. मी काही खात नाही तुम्हाला."

वेल्डर हसत हसत गोळ्यांची चिठ्ठी घेऊन गेला. छातीच्या दवाखान्यातली ही खोली लोकांची सिगारेट सोडवण्यासाठीच होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर एक नवी डॉक्टरीण हे काम शिकायला बसली होती. तिला राहवेना.

"सिस्टर, तुम्हाला राग कसा येत नाही? मी तर सकाळी एकाला चांगलंच झापलं."

"रागावलं ना, की माणूस सिगारेट नाही सोडत, खरं बोलणं सोडतो," सिस्टर म्हणाल्या.

वाक्य भिंतीवर लावण्यासारखं होतं. फक्त ते सिस्टरांच्या घरच्या भिंतीवर लावायला हवं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यांचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि लग्नाआधीपासून सिगारेट ओढायचा. दवाखान्यात मधासारखं गोड बोलणाऱ्या सिस्टर घरी त्याचे शर्ट हुंगत, खिसे चाचपत, पाकीट सापडलं की नळाखाली धरून कचऱ्यात फेकत. "जगाच्या सुटतात, माझ्याच नशिबी हा धूर!" म्हणत. तो बिचारा पेपरमिंट चघळत सांगे, "सोडली गं, तुझ्या गळ्याची शपथ!" सिस्टरांचा गळा अजून शाबूत होता, हे नवलच.

हल्ली त्याला पहाटे खोकला यायचा. सिस्टर डोळे मिटून ऐकत पडायच्या. असले खोकले ऐकण्यातच त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे त्यांना फार भीती वाटायची. आणि भीती वाटली की त्या जास्तच ओरडायच्या.

"पुढचे कोण?" सिस्टरांनी हाक दिली.

दार ढकलून त्यांचा नवराच आत आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात केसपेपर. सगळ्यांसारखा रांगेत बसून आला होता.

"अहो, तुम्ही—" एवढंच सिस्टरांच्या तोंडून निघालं.

"बसा ना, काका," डॉक्टरीण म्हणाली. तिला बिचारीला काय माहीत! आता तिच्यासमोर आरडाओरडा करायची सोय नव्हती. सिस्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि रोजचा प्रश्न विचारला.

"मध्ये कधी सोडली होती का?"

"घरी पुष्कळदा सोडलीय. बाहेर एकदाही नाही."

"मग घरी खरं का नाही सांगत?"

"बायको फार चांगली आहे हो, पण तिच्यापुढे खरं बोलायची छाती होत नाही. लोक म्हणतात, इथल्या सिस्टर रागवत नाहीत. म्हटलं, त्यांना भेटून बघावं." त्याने खाली बघितलं. "मला खरंच सोडायचीय, सिस्टर. एकट्याने जमत नाही."

लग्नापासून हा माणूस त्यांच्याशी इतकं खरं कधी बोलला नव्हता. सिस्टरांचे कान तापले. आधी राग आला, मग त्याची दया आली, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

"काका, पुढच्या वेळी काकूंना घेऊन या," डॉक्टरीण उत्साहाने म्हणाली. "त्यांनाही समजवायला पाहिजे. हो ना, सिस्टर?"

"हो," सिस्टर म्हणाल्या. "तिला आधी."

श्वासात सिगारेटचा धूर किती आहे ते दाखवणारं फुंकायचं यंत्र त्यांनी पुढे केलं. नवऱ्याने फुंकर घातली. लाल दिवा लागला. घरी एवढ्यावर आकाशपाताळ एक झालं असतं. सिस्टरांनी यंत्र बाजूला ठेवलं.

"दिवसातली सगळ्यात लाडकी कुठली?"

तो जरा घुटमळला. "संध्याकाळची, गॅलरीतली. बायको ड्यूटीवरून यायची असते. कोपऱ्यावर तिची निळी पिशवी दिसेपर्यंत तिथे उभा असतो. दिसली की विझवतो. तिला उशीर झाला की मग एकीवर भागत नाही. जीव थाऱ्यावर नसतो."

आपली पाठ वळली की हा गॅलरीत जाऊन चोरून ओढतो, एवढंच सिस्टर आजवर समजत होत्या. तो तिथे आपली वाट बघत असेल, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्या उठून कपाटात गोळ्या शोधत राहिल्या. गोळ्या समोरच होत्या.

"ती शेवटी सोडू," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "बाकीच्या आधी. चुकलात तरी इथे यायचं."

"रागावणार नाही ना?"

"इथे नाही."

"आणि घरी?"

डॉक्टरिणीने चमकून दोघांकडे पाहिलं आणि जीभ चावली.

"घरीही नाही," सिस्टर म्हणाल्या.

संध्याकाळी त्या कोपऱ्यावर वळल्या. रोज त्या खाली मान घालून भराभर चालत. आज त्यांनी वर पाहिलं. नवरा गॅलरीत उभा होता. धूर नव्हता. लाडकी शेवटी म्हणून बजावलं होतं, पण या माणसाने एक गोष्ट सांगितल्यासारखी केली असेल तर शपथ. रिकाम्या हातांचं काय करावं, हे त्याला समजत नव्हतं. त्याने कठडा धरला, सोडला, हात खिशात घातले, पुन्हा काढले. मग निळी पिशवी दिसली आणि त्याने एक हात अवघडून वर केला.

सिस्टरांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि आपलाही हात वर केला.