दुसरा शिरडाक

"हे शिंग आखूड झालं," असे म्हणून कालीपाने नमद्यावरच्या नक्षीची खडूची रेघ ओल्या फडक्याने तिसऱ्यांदा पुसून टाकली.

बुरुलचाने हातातली सुरी खाली ठेवली. ठेवली म्हणण्यापेक्षा आपटली. "जाऊबाई, एडक्याला स्वतःचं शिंग कधी आखूड वाटत नाही. तुम्हालाच कसं वाटतं?"

"एडका सासरी जात नाही. तुझी लेक चालली आहे."

बुरुलचाने खडू तिच्यापुढे सरकवला. कालीपाशी बोलताना शेवटचा शब्द आपला नसणे हीच बुरुलचाची तीस वर्षांची तक्रार होती. दोघी सख्ख्या भावांच्या बायका. आत-बाशी गावात त्यांची घरे एकाच मातीच्या भिंतीला पाठ लावून उभी होती आणि त्या भिंतीत, दोन्हीकडच्या पुरुषांनी कधीकाळी हौसेने पाडलेले, एक दार होते. थोरले दीर वारले तरी ते दार बुजले नाही, याचे बुरुलचाला अधूनमधून वाईट वाटे.

एल्नुराच्या लग्नाला एकवीस दिवस उरले होते. मुलीसोबत माहेरच्या हातचा शिरडाक, म्हणजे नमद्याचा नक्षीदार गालिचा, गेला नाही, तर सासरी अंथरायचे काय आणि सांगायचे काय? विहीणबाई तर तो उलटून टाके बघण्याबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध. त्यासाठी बुरुलचाने इस्पितळाच्या धुलाईघरातून दहा दिवसांची रजा घेतली होती आणि त्यांतले चार खडूच्या रेघांत गेले होते.

नमदा, म्हणजे लोकर थापून केलेले जाड कापड, बुरुलचाच्या मेंढ्यांचा, हात कालीपाचा. लाल आणि निळा नमदा एकावर एक ठेवायचा आणि दोन्हींतून सुरी एकदाच फिरवायची. लालातले शिंग निळ्यात बसते, निळ्यातले लालात. चिंधीएवढाही तुकडा वाया जात नाही आणि एका कापणीत दोन शिरडाक जन्माला येतात. एक जिचा नमदा तिचा, दुसरा कापणारीचा. रीत जुनी होती आणि न्याय्यही होती. पण कालीपाला दुसरा शिरडाक हवा कशाला, हे बुरुलचाला कळत नव्हते. तिला मुलगी नव्हती. एकुलता एक मुलगा तिलेक रशियात, येकातेरिनबुर्गला, गवंडीकामावर होता आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून मोकळा झाला होता.

आणि कालीपाचे घर तर भरलेले. त्या घरात विकत आणलेली वस्तू शोधावी लागे. पडदे पिठाच्या पोत्यांचे, पण त्यांना अशी लाल किनार की पोते आठवू नये. उशा नवऱ्याच्या ओव्हरकोटाच्या. फुटक्या कपांचे कान भिंतीत बसवून केलेल्या खुंट्या. पाहुण्यांना या सगळ्याचे कौतुक वाटे. शेजारी राहणाऱ्या माणसाची गोष्ट निराळी. कालीपा बुरुलचाच्या केराच्या बादलीतून बटणे वेचून नेई, आणि वर तीच विचारी, "हे टाकलं होतंस?" जणू बटण नव्हे, तान्हे मूल टाकले होते.

दुपारी बिश्केकहून एल्नुराचा फोन आला.

"आई, इथे बाजारात मशीनचे गालिचे आलेत. एक गुंडाळून आणू का? तुम्हा दोघींचं भांडण तरी मिटेल."

"आण म्हणावं," भिंतीतल्या दारापलीकडून कालीपा म्हणाली. "दाराशी पायपुसणं लागेलच."

लाल-निळ्या जोडीचे तीन चौकोन कापायचे होते. पहिला कापायला कालीपाने अख्खी सकाळ घेतली. प्रत्येक वळणावर सुरी थांबायची, दगडावर घासली जायची. मग कालीपा मान तिरपी करून बघायची, मग चहा. दुसऱ्या चौकोनाची आखणी एकदाची मनासारखी झाली आणि तेवढ्यात तिच्या अंगणात कोणाची तरी गाय शिरली. "हात लावू नकोस, आलेच," असे सांगून ती दारातून पलीकडे गेली.

बुरुलचाने थोडा वेळ वाट पाहिली. पलीकडून गाईच्या मालकिणीला कुंपण कसे बांधावे याचे सविस्तर व्याख्यान ऐकू येत होते. इस्पितळातल्या शेकडो चादरींना सरळ घडी घालणारा आपला हात खडूच्या रेघेवरून सरळ जाणार नाही, असे मानण्याचे काही कारण तिला दिसेना. तिने सुरी उचलली.

तीन शिंगे उत्तम निघाली. चौथ्याच्या वळणावर नमदा किंचित दाट होता; तिने जोर लावला आणि सुरी रेघ सोडून चार बोटे पुढे गेली. लालातून गेली, तशीच निळ्यातूनही गेली.

कालीपा परतली, तिने चीर पाहिली आणि खाली बसली. तिने चिरेत बोट घालून बघितले, आधी लालात, मग निळ्यात. बुरुलचाला वाटले, यापेक्षा शिव्या बऱ्या.

"वरून दोरी शिवू," बुरुलचा म्हणाली. "झाकून जाईल."

"दोरी शिंगाच्या कडेनं जाते. इथे शिवलीस तर शिंगाला शेपूट फुटेल."

"नवीन नमदा..."

"लोकर कुठे आहे? आणि दिवस?" कालीपाने तिच्या हातातून सुरी काढून घेतली. "सरक. तिसरा मला कापू दे. मध्ये बोलू नकोस."

तिसरा चौकोन निर्दोष निघाला. मग कालीपाने सहाही चौकोन जमिनीवर मांडले. एल्नुराच्या बाजूला लाल, निळा, लाल. स्वतःच्या बाजूला निळा, लाल, निळा. प्रत्येकीच्या मधोमध चिरलेला एकेक. तिने एल्नुराचा चिरलेला निळा उचलून आपल्याकडे घेतला आणि आपला धड निळा तिच्या जागी ठेवला. हे सगळे तिने इतक्या सहज केले की जणू ताटातली भाकरी दुसऱ्या ताटात वाढली.

"हे चालायचं नाही," बुरुलचा म्हणाली. "चूक माझी. आणि तुमच्याकडे तिनांत दोन फाटके?"

"माझा कोण उलटून बघणार आहे?"

"मग तुम्हाला हवाय तरी कशाला तो? घरात पाय ठेवायला जागा नाही. विकणार म्हणावं तर फाटका कोण घेईल?"

कालीपाने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. तो दोनदा हुकला. "मी गेले की अंगणात तंबू उभारतील ना? आत बायका रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून रडायला बसतील. त्यांच्या खाली काय घालणार? तिलेक येईल, गोंधळेल, आणि कुणाकडून तरी भाड्याची सतरंजी आणील. माझ्या तंबूत भाड्याची सतरंजी? घरातले शिरडाक सगळे विरलेत, तुला नवे दिसतात, कारण तू कधी नीट बघत नाहीस. म्हणून एक नवा ठेवते बाजूला. त्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी असेल. नसलं, तर लोकलाजेस्तव आणतील. चिरा बघायला सवड कुणाला आहे?"

बुरुलचाने सुई तिच्या हातून घेतली, दोरा ओवला आणि परत दिली. 

एल्नुराचा शिरडाक लग्नाच्या दोन दिवस आधी पुरा झाला. विहीणबाईंनी तो सगळ्यांसमोर उलटला, टाक्यांवरून बोट फिरवले, आणि काहीच न सापडल्यामुळे त्यांचा चेहरा थोडासा उतरला.

दुसऱ्या शिरडाकाचे काम मात्र शरद संपत आला तरी चालू होते. चिरा बुरुलचाने शिवल्या. इतक्या बारीक टाक्यांनी, की कालीपाने खिडकीशी नेऊन बघितले आणि केवळ एकदाच उसवायला लावले. शेवटची गाठ मारली, तेव्हा कालीपाने शिरडाक आपल्या खोलीत भिंतीलगत अंथरला आणि दूर उभी राहून, मान तिरपी करून पाहिला.

"पाच जणी बसतील," ती म्हणाली. "दाटीनं सहा. तू इकडे बस."

"आत्ता? जाऊबाई, मला साडेतीनला कामावर पोचायचंय."

"बस म्हटलं ना. तिकडे नको, मधे. त्या दोन चिरांमध्ये. भिंतीकडे तोंड कर."

बुरुलचा पुटपुटत पायांतले बूट काढून शिरडाकावर गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मागून कालीपा थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे सरकून पाहत होती.

"घागरा पसर जरा. अजून. हां, आता नाही दिसत."

बुरुलचाने घागऱ्याचा घेर दोन्ही बाजूंना नीट ओढून घेतला. समोरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या पातळीवर, एका फुटक्या कपाचा निळा कान होता. कालीपा चहा ठेवायला आत गेली होती, तरी बुरुलचा तशीच बसून राहिली.