गेरू फासलेलं गायरान

गेरू फासायचं डोकं माझंच. दुसऱ्यावर ढकलायची मला सवय न्हाय, म्हणून आधीच सांगून टाकते.

शहाऐंशीचा उन्हाळा हुता. बेंबळीजवळच्या आमच्या गावच्या गायरानात निसता दगड आन् मुरूम. चोवीस घरांनी मिळून झाडं लावायची संस्था काढली. आमच्या बौद्धवाड्यातली सोळा, गावातली आठ. चेअरमन म्हणून मला, हरणाबाईला, उभं केलं. सरकारसंगं करार असा, की बाराशे खड्डे, घरटी पन्नास झाडांची एक ओळ. दोन वर्सांनी मोजणी. आठशे झाडं जगली तर गायरान संस्थेकडं, न्हायतर करार मोडला. चराईबंदी केली तवा माझ्या सात शेळ्या मीच आधी बाजारात नेल्या, मगच दुसऱ्याला सांगायला तोंड उघडलं. पाऊस दोन्ही वर्सं दगा देऊन गेला. बायांनी कोसभर लांबच्या हिरीवरनं डोक्यावर घागरी आणल्या. आता गायरान गेलं असतं तर मला गावात तोंड दाखवायला जागा न्हवती.

मोजणीच्या आधी म्या उमरग्याला भैनीकडं गेले हुते. तिथं हमरस्त्याच्या झाडांना गेरूचे पट्टे. कसं झ्याक दिसत हुतं! म्हटलं, साहेब येणार, आपली झाडं बी नटवू. दोन डबे गेरू कालवला आन् साऱ्या बायांनी मिळून बाराशेच्या बाराशे रोपांना बुडापासून शेंड्यापर्यंत फासला. आता रस्त्यावरचं झाड कवेत मावत न्हाय, आन् आमचं रोप बोटायेवढं. त्यात शिरस आन् सीताफळ, चैतात पान न्हाय त्यांना. पर ते त्या वक्ती कुणाच्या टकुऱ्यात आलं!

वनखात्याचे साहेब आले, बांधावरच थांबले. समोर मुरमात रोवल्यागत लाल काड्या.

"बाई, वाळक्या काड्या रोवून वर रंग दिलात? सरकारला फसवता?" त्यांनी वही मिटली. "मी शून्य लिहून जातो."

आमचे सेक्रेटरी तात्याराव हात जोडून "साहेब, साहेब" करत राह्यले. मला मात्र राग आला, अस्सा राग! दोन वर्सं मान मोडली ती फसवायला व्हय?

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, साहेब?" म्या म्हटलं. "नख लावा."

जवळच्या शिरसाला म्या नख मारलं. गेरू निघाला, साल निघाली, आत हिरवंगार.

"एक असेल," साहेब म्हणाले.

"मग बाराशे बघा. आमी कुठं पळून चाललो?"

साहेब बी हट्टी. आले खाली. म्या फुडं, ते मागं, नख मारायचं आन् वहीत रेघ ओढायची. जन्म जळण येचण्यात गेला, मेली काडी मला हात लावताच कळती. मेलं असलं की म्याच आधी म्हणायची, "हे गेलं." शेजारच्या चांगुणाच्या ओळीत बेचाळीस जगली, तवा बाया खुशीनं वरडल्या. ऊन डोक्यावर आलं, पर कुणी घरला गेलं न्हाय.

तेवीस ओळी झाल्या. तात्यारावांनी हिशेब केला, सातशे ऐंशी. आणखी वीस पायजेत. राह्यली हुती माझी ओळ, वरल्या अंगाला, निव्वळ खडकावर. पैलं झाड मेलेलं. दुसरं मेलेलं. तिसरं, चौथं.

"हरणाबाई, जरा गप ऱ्हावा की," तात्याराव कानाशी पुटपुटले. "बघू द्या त्यांचं त्यांना."

पाचव्या सीताफळाला साहेबांनीच नख मारलं. बुडाशी थोडा फिकट हिरवा पट्टा दिसला. "हे जिवंत धरू," ते म्हणाले.

साऱ्या बाया माझ्याकडं बघाय लागल्या. माझ्या जिभेवर आलं हुतं, "व्हय, धरा." पर म्या काडी बुडाशीच वाकवली, ती कटकन मोडली.

"न्हाय साहेब. वरनं हिरवं वाटतंय, आतनं गेलंय. मेलं लिवा."

तात्यारावांनी कपाळाला हात लावला.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग जवळच्या धोंड्यावर बसले, मांडीवर वही घेतली.

"आता मी नाही बघत," ते म्हणाले. "तुम्ही सांगा, हरणाबाई. मी लिहितो."

माझ्या बापाच्या शब्दाला चावडीत कुणी कवा विचारलं न्हाय, आन् हितं सरकारचा माणूस माझ्या तोंडाकडं कान लावून बसला हुता. म्या पदर खोचला आन् सहाव्या झाडाला हात घातला.

"जितं," म्या वरडले. साहेबांनी मान वर न करता रेघ ओढली. सातवं, जितं. आठवं, मेलं. नववं, जितं. ओळ सरली तवा माझी सव्वीस जगली हुती, आन् त्यातलं एकबी त्यांनी उठून तपासलं न्हाय.